कोल्हापूर संस्थानातील समाजसापेक्ष शिक्षणाची परंपरा आणि माध्यमिक शाळांतील ऑनलाइन वर्ग : एक ऐतिहासिक चिकित्सा

सारांश

विद्यार्थ्याची भाषा, त्याचे घर, त्याच्या समाजाचा व्यवसाय आणि त्याचा अनुभव यांना अध्यापनाचा आधार मानणारी विचारसरणी आज ‘संस्कृतीसुसंगत अध्यापन’ या नावाने ओळखली जाते. हे नाव अमेरिकेतील शिक्षणशास्त्रातून आले असले, तरी त्यामागील प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे तो मांडला होता आणि राजर्षी शाहू छत्रपतींनी कोल्हापूर संस्थानात प्रत्यक्ष राज्यकारभारातून त्याचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न केला. प्रस्तुत शोधनिबंधात या प्रयत्नांचा ऐतिहासिक मागोवा घेतला असून, २०२०-२१ मध्ये माध्यमिक शाळांचे वर्ग ऑनलाइन झाले तेव्हा या परंपरेतील कोणता भाग टिकला व कोणता निसटला, याची चिकित्सा केली आहे. ‘सर्वांसाठी खुले’ आणि ‘सर्वांपर्यंत पोहोचलेले’ या दोन बाबी भिन्न आहेत, हा कोल्हापूरच्या इतिहासाचा धडा ऑनलाइन वर्गालाही लागू पडतो, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : राजर्षी शाहू, वसतिगृह चळवळ, सक्तीचे शिक्षण, संस्कृतीसुसंगत अध्यापन, ऑनलाइन वर्ग, माध्यमिक शिक्षण

१. प्रस्तावना

मार्च २०२० मध्ये कोरोना साथीमुळे राज्यातील शाळा बंद झाल्या. त्या वर्षीच्या दहावीच्या परीक्षेतील भूगोलाचा शेवटचा पेपर होऊ शकला नाही आणि पुढे तो रद्दच करावा लागला. जून २०२० मध्ये नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले ते वर्गखोल्यांत नव्हे, तर भ्रमणध्वनीच्या पडद्यावर. एका अर्थाने ही शिक्षणाच्या इतिहासातील अपूर्व घटना होती. शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यामध्ये असलेली शाळा नावाची जागाच नाहीशी झाली आणि प्रत्येक विद्यार्थ्याचे घर हाच त्याचा वर्ग बनला.

कोल्हापूर जिल्ह्याच्या संदर्भात ही घटना विशेष विचार करायला लावणारी आहे. कारण या जिल्ह्याचा शैक्षणिक इतिहास हा मुख्यतः ‘जागे’चा इतिहास आहे. खेड्यातील मुलाला शहरात राहावयास जागा नाही, म्हणून येथे वसतिगृहे उभी राहिली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलाला इतरांच्या शेजारी बसावयास जागा नाही, म्हणून येथे राजाज्ञा निघाली. ज्या भूमीत शिक्षणाचा प्रश्न प्रथम जागेचा प्रश्न म्हणून ओळखला गेला, त्याच भूमीत शतकानंतर जागेवाचून शिक्षण देण्याची वेळ आली. या दोन अनुभवांची सांगड घालणे उद्बोधक ठरते.

ऑनलाइन वर्गांवरील चर्चा बहुधा उपकरणे, जोडणी आणि तांत्रिक कौशल्ये यांच्याभोवती फिरते. तो प्रश्न महत्त्वाचा आहेच; परंतु उपकरण हाती आल्यानंतर पडद्यावर जे दिसते ते विद्यार्थ्याच्या जीवनाशी किती जुळते, हा प्रश्न मागे राहतो. त्याचा विचार करताना इतिहासाची मदत घेता येते.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) संस्कृतीसुसंगत अध्यापनाची संकल्पना स्पष्ट करणे, (२) फुले-शाहू काळातील शैक्षणिक विचार व धोरणे या संकल्पनेच्या प्रकाशात तपासणे, (३) स्वातंत्र्योत्तर काळात कोल्हापूर परिसरात या परंपरेचा झालेला विकास पाहणे, आणि (४) २०२०-२१ मधील ऑनलाइन माध्यमिक वर्गांचे त्या आधारे मूल्यमापन करणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. भूतकाळातील धोरणांना आजची परिभाषा चिकटवण्याचा धोका अशा अभ्यासात असतो. शाहू महाराजांनी ‘संस्कृतीसुसंगत अध्यापन’ असा शब्द वापरला नव्हता आणि त्यांच्यासमोरील प्रश्न अध्यापनतंत्राचा नसून सामाजिक सत्तेचा होता. म्हणून येथे दोहोंतील साम्याइतकेच भेदही नोंदविले आहेत.

३. संकल्पनेचे स्वरूप

अमेरिकेतील कृष्णवर्णीय मुलांच्या शिक्षणाचा अभ्यास करताना ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज यांनी १९९५ मध्ये एका महत्त्वाच्या लेखात या विचाराची सैद्धान्तिक मांडणी केली. त्यांच्या मते अशा अध्यापनाच्या तीन कसोट्या आहेत. पहिली, विद्यार्थ्याची अभ्यासातील प्रगती झाली पाहिजे. दुसरी, ती होत असताना त्याचे स्वतःच्या संस्कृतीशी असलेले नाते तुटता कामा नये. आणि तिसरी, आपल्या भोवतालच्या विषमतेकडे चिकित्सक दृष्टीने पाहण्याची क्षमता त्याच्यात निर्माण झाली पाहिजे. जिनिव्हा गे यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात विद्यार्थ्यांचे सांस्कृतिक अनुभव हेच अध्यापनाचे साधन कसे बनवता येतील, याचे विवेचन केले. त्यापूर्वी १९९२ मध्ये लुईस मोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी श्रमिक कुटुंबांत शेती, बांधकाम, व्यापार, औषधोपचार इत्यादींविषयीचे ज्ञान साठलेले असते आणि शाळेने या ज्ञानसंचयाची दखल घेतली पाहिजे, असे दाखवून दिले होते.

या मांडणीतील तिसरी कसोटी बहुतेक वेळा विसरली जाते. सणांची माहिती देणे, स्थानिक पोशाखाची चित्रे लावणे किंवा उदाहरणांतील नावे बदलणे एवढ्यापुरताच हा विचार मर्यादित होतो. वास्तविक, त्याचा गाभा असा आहे की, शाळेत अपयशी ठरणारे मूल उणे नसते. शाळेने ज्याला ज्ञान मानले त्याची व्याख्या अपुरी असते. ही भूमिका मान्य केली की, संकल्पना परदेशी राहत नाही.

४. पूर्वपीठिका : १८८२ चे निवेदन

महात्मा जोतीराव फुले यांनी ऑक्टोबर १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगाला सादर केलेले निवेदन हा या विषयातील मूलभूत दस्तऐवज होय. शेतकऱ्यांच्या करातून जमणारा पैसा उच्चवर्णीयांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि कर देणाऱ्यांची मुले अशिक्षित राहतात, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. तथापि, हे निवेदन केवळ खर्चाच्या वाटणीविषयी नव्हते. शिक्षक कोण असावा आणि काय शिकवले जावे, याविषयीही त्यांनी निश्चित सूचना केल्या.

प्राथमिक शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, वेळप्रसंगी नांगर धरण्यास त्यांना संकोच वाटू नये व समाजातील खालच्या थरांशी त्यांना सहज मिसळता यावे, अशी त्यांची अपेक्षा होती. अभ्यासक्रमात मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांची सामान्य ओळख, तसेच शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती व आरोग्य यांचा समावेश असावा, असे त्यांनी सुचविले. शिक्षक हा ज्ञानाचा वाहक असतोच, शिवाय मुलाच्या जगाशी त्याचे नाते कसे आहे यावर ज्ञान पोहोचते की नाही हे ठरते, ही जाणीव या सूचनांतून स्पष्ट होते. लॅडसन-बिलिंग्ज यांच्या लेखापूर्वी एकशे तेरा वर्षे मांडलेल्या या विचारात तिन्ही कसोट्यांची बीजे आढळतात.

५. वसतिगृहे : खुलेपणाच्या मर्यादेची ओळख

शाहू महाराजांनी २ एप्रिल १८९४ रोजी कोल्हापूरच्या राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली. त्या वेळी संस्थानात शिक्षणाच्या सोयी नव्हत्या असे नाही. राजाराम हायस्कूल होते, १८८० पासून राजाराम कॉलेजही होते. परंतु त्यांचा लाभ प्रामुख्याने शहरातील व परंपरेने शिकत आलेल्या वर्गाला होत असे. १८९६ च्या सुमारास बाहेरगावच्या विद्यार्थ्यांसाठी सर्व जातींना खुले असे वसतिगृह सुरू करण्यात आले. नियमाने ते सर्वांचे होते. प्रत्यक्षात मात्र थोड्याच वर्षांत तेथे ब्राह्मण विद्यार्थीच राहू लागले. बहुजन समाजातील मुले तेथे टिकू शकली नाहीत.

या अनुभवाचे महत्त्व फार मोठे आहे. दरवाजा कोणीही बंद केलेला नव्हता. तरीही आत येणारे ठरावीकच होते. सोय उपलब्ध करून देणे आणि ती सोय वापरता येईल अशी परिस्थिती निर्माण करणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे सिद्ध झाले. याच जाणिवेतून १८ एप्रिल १९०१ रोजी ‘व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग’ची स्थापना झाली. त्याच वर्षी जैन विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघाले. १९०६ मध्ये मुस्लिम समाजासाठी शिक्षणसंस्था व तिच्या वसतिगृहाची पायाभरणी झाली. १९०७ मध्ये वीरशैव लिंगायत विद्यार्थ्यांचे, तर १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी ‘मिस क्लार्क वसतिगृह’ सुरू झाले. पुढील एका तपात शिंपी, दैवज्ञ, सारस्वत, ख्रिस्ती, वैश्य, ढोर-चांभार, देवांग अशा विविध समाजांची वसतिगृहे कोल्हापुरात उभी राहिली. ‘वसतिगृहांची जननी’ हा कोल्हापूरचा लौकिक यातून निर्माण झाला.

या वसतिगृहांना दरबारकडून जागा, इमारती व अनुदाने मिळत. पण त्यांचे व्यवस्थापन त्या त्या समाजातील मंडळींकडे असे. त्यामुळे दोन परिणाम झाले. एक, विद्यार्थ्याला आपल्या ओळखीच्या खाण्यापिण्यात, भाषेत व रीतिरिवाजात राहून शिकता आले. शिक्षणासाठी घरापासून दूर जाणे म्हणजे परक्या जगात एकाकी पडणे असे राहिले नाही. दोन, ज्या समाजांत शिक्षणाची परंपरा नव्हती, तेथे मुलांच्या शिक्षणाची सामुदायिक जबाबदारी घेणारी संस्था निर्माण झाली. वसतिगृह हे घर आणि शाळा यांच्यामधील तिसरे ठिकाण होते. घरातील दारिद्र्य, कामाचा बोजा आणि अंधार यांपासून मुलाला दूर ठेवणारे. पण घराची आठवण पुसून न टाकणारे.

या धोरणावर जातींच्या भिंती बळकट होतील, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला व आजही घेतला जातो. तो सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. मात्र या वसतिगृहांतील विद्यार्थी स्वतंत्र शाळांत जात नव्हते. राहणे आपापल्या समाजात, पण शिकणे एकत्र, अशी ही रचना होती. तिचे खरे स्वरूप पुढील दशकातील निर्णयांच्या जोडीने पाहिले, तरच लक्षात येते.

६. सक्तीचे शिक्षण आणि स्वतंत्र शाळांचे विसर्जन

बडोदा संस्थानात सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात व १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले होते. ब्रिटिश हिंदुस्थानात मात्र गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये मांडलेले विधेयक संमत होऊ शकले नाही. या पार्श्वभूमीवर १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा निर्णय जाहीर केला आणि त्याच वर्षी त्यासाठी कायदा केला. मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवण्यात आला. शाळांसाठी स्वतंत्र इमारती होईपर्यंत थांबण्याऐवजी गावातील देवळे, चावड्या व धर्मशाळा यांचा उपयोग करण्याचे धोरण स्वीकारले गेले.

शिक्षणाला जीवनव्यवहाराशी जोडण्याचा प्रयत्नही याच काळात झाला. गावकामगार पाटलांच्या प्रशिक्षणासाठी ‘दिल्ली दरबार मेमोरियल पाटील शाळा’ काढण्यात आली. १९१८ मध्ये कुलकर्णी वतन रद्द करून पगारी तलाठी नेमण्याचे धोरण आले, तेव्हा निरनिराळ्या जातींतील तरुणांना तलाठी होण्याचे शिक्षण देण्यात आले. तत्पूर्वी, २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्यात आल्या होत्या. शिकलेल्या मुलाला त्याच्या शिक्षणाचा उपयोग दिसला पाहिजे, ही दृष्टी या निर्णयांत समान आहे. स्त्रीशिक्षणाच्या क्षेत्रात रखमाबाई केळवकर यांच्याकडे शिक्षण खात्यातील जबाबदारी सोपवण्यात आली. मुलींच्या शाळांची देखरेख एका मराठी स्त्रीच्या हाती असणे, ही पालकांच्या विश्वासाच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हती.

या संपूर्ण कालखंडातील सर्वांत निर्णायक पाऊल १९१९ मध्ये टाकले गेले. अस्पृश्यांच्या मुलांसाठी संस्थानात स्वतंत्र शाळा होत्या. एका विशिष्ट टप्प्यावर त्यांनी शिक्षणाचा मार्ग खुला केला होता. परंतु त्या शाळा वेगळेपणाचे चिन्हही होत्या. सप्टेंबर १९१९ मधील आज्ञेने त्या बंद करण्यात आल्या आणि त्यांतील मुलांना सर्वसाधारण सरकारी शाळांत इतरांबरोबर प्रवेश देण्याचे ठरले.

वसतिगृहांची स्थापना आणि स्वतंत्र शाळांचे विसर्जन, हे दोन निर्णय वरवर परस्परविरोधी वाटतात. एकात समाजनिहाय वेगळी सोय आहे, तर दुसऱ्यात वेगळेपण मोडले आहे. बारकाईने पाहिल्यास त्यांत एक सूत्र दिसते. आधार देताना विद्यार्थ्याच्या सामाजिक स्थितीची दखल घ्यावयाची. पण ज्ञान देताना वर्ग एकच ठेवावयाचा. भेदाची दखल ही समान वर्गापर्यंत पोहोचण्याची शिडी आहे, समान वर्गाला पर्याय नव्हे. संस्कृतीसुसंगत अध्यापनाच्या आजच्या चर्चेत ज्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, त्याचे हे कोल्हापूरने दिलेले उत्तर होय.

७. शाहूंनंतरचा वारसा

शाहू महाराजांचे ६ मे १९२२ रोजी निधन झाले. परंतु त्यांच्या प्रेरणेचा प्रवाह खंडित झाला नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म १८८७ मध्ये कोल्हापूर परिसरातील कुंभोज येथे झाला व त्यांचे शिक्षण कोल्हापुरात झाले. त्यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी सातारा जिल्ह्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या उपस्थितीत त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण झाले. येथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि शेतीसह सर्व कामे स्वतः करीत. शाहूंच्या रचनेत राहणे वेगळे व शिकणे एकत्र होते. भाऊरावांनी राहणेही एकत्र केले. १९४० मध्ये साताऱ्यास सुरू झालेल्या महाराजा सयाजीराव हायस्कूलमध्ये ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व माध्यमिक शिक्षणात आले. शेतकऱ्याच्या मुलाचे श्रमकौशल्य हे तेथे त्याच्या शिक्षणातील अडथळा न राहता साधन बनले.

कोल्हापूर जिल्ह्यातीलच बहिरेवाडी येथे १९०७ मध्ये जन्मलेल्या जे. पी. नाईक यांनी १९५२ मध्ये गारगोटी येथे श्री मौनी विद्यापीठाची स्थापना केली. ग्रामीण जीवनाच्या गरजांभोवती शिक्षणाची मांडणी करण्याचा तो प्रयोग होता. १९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव म्हणून काम करताना नाईक यांचा या अनुभवाशी संबंध होता, हे विसरता येत नाही. कार्यानुभव, मातृभाषेतील शिक्षण व सर्वांसाठी समान शाळा या आयोगाच्या शिफारशींत गारगोटीची छाया दिसते. समता, गुणवत्ता आणि संख्या या तिन्हींचा मेळ भारतीय शिक्षणात साधत नाही, हे त्यांनी १९७५ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. डॉ. बापूजी साळुंखे यांनी १९५४ मध्ये स्थापन केलेल्या श्री स्वामी विवेकानंद शिक्षण संस्थेने माध्यमिक शिक्षण खेडोपाडी नेले, तर १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठाच्या स्थापनेने उच्च शिक्षणाचा पाया विस्तारला.

८. २०२०-२१ : जागेवाचून शाळा

या परंपरेच्या जिल्ह्यात २०२० मध्ये ऑनलाइन वर्ग सुरू झाले. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला दिली. ‘दीक्षा’ हे २०१७ पासून असलेले राष्ट्रीय शैक्षणिक व्यासपीठ वापरात आले. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका प्रसारित होऊ लागली. मात्र ती आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी होती. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांचा भार मुख्यतः शाळांच्या भ्रमणध्वनी गटांवर व थेट ऑनलाइन तासिकांवर पडला. २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे वर्ग टप्प्याटप्प्याने उघडले. दुसऱ्या लाटेत ते पुन्हा बंद झाले. २०२१ ची दहावीची परीक्षा रद्द होऊन निकाल अंतर्गत मूल्यमापनावर लावण्यात आला.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ मधील पंच्याहत्तराव्या फेरीनुसार देशात इंटरनेटची सोय असलेल्या कुटुंबांचे प्रमाण शहरी भागात ४२ टक्के, तर ग्रामीण भागात सुमारे १५ टक्के होते. साथीच्या काळात भ्रमणध्वनींची संख्या वाढली असली, तरी सुरुवातीची विषमता किती होती हे या आकड्यांवरून कळते. १८९६ च्या वसतिगृहाप्रमाणेच ऑनलाइन तासिकेचा दुवा सर्वांना खुला होता. तो पाठविला की शाळेचे कर्तव्य संपले, अशी समजूत सहज होऊ शकत होती. पण शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, गगनबावडा व चंदगड या डोंगराळ तालुक्यांत जोडणीसाठी उंचवटा शोधावा लागणे, घरातील एकच भ्रमणध्वनी वडिलांबरोबर कामावर जाणे, दोन भावंडांच्या तासिका एकाच वेळी असणे, या अडचणींनी खुल्या दरवाजाचा अर्थ बदलून टाकला. त्यातच जुलै २०२१ मध्ये पंचगंगेला महापूर आला. २०१९ च्या पुरातून सावरू पाहणाऱ्या करवीर, हातकणंगले व शिरोळ तालुक्यांतील अनेक गावांना पुन्हा स्थलांतर करावे लागले. ज्यांचे घरच पाण्यात होते, त्यांच्या दृष्टीने ‘घर हीच शाळा’ या व्यवस्थेला अर्थ उरला नाही.

याहून सूक्ष्म प्रश्न सांस्कृतिक स्वरूपाचा होता. कोल्हापूर जिल्ह्यातील माध्यमिक वर्ग एकजिनसी नाही. गडहिंग्लज व शिरोळच्या सीमाभागात अनेक घरांत कन्नड बोलली जाते. चंदगडची बोली प्रमाण मराठीहून पुष्कळ वेगळी आहे. इचलकरंजीत यंत्रमागावर काम करणाऱ्या परप्रांतीय कुटुंबांत हिंदी व तिच्या बोली बोलल्या जातात. मुस्लिम कुटुंबांत दखनीचा वापर होतो. साखर कारखान्यांच्या हंगामात बीड व अन्य जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांची कुटुंबे येतात. प्रत्यक्ष वर्गात शिक्षक मुलाच्या चेहऱ्यावरून न समजल्याचे ओळखतो, शब्द बदलतो, शेजारच्या मुलाला समजावून सांगण्यास सांगतो. राज्यासाठी एकदाच ध्वनिचित्रमुद्रित केलेल्या पाठाला हे शक्य नव्हते. त्याची भाषा, उदाहरणे आणि गती सर्वांना एकच होती.

दुसरी बाब घराच्या दर्शनाची. वसतिगृहाने विद्यार्थ्याला घरातील अभावापासून काही काळ दूर नेले होते. कॅमेऱ्याने तोच अभाव सर्व वर्गासमोर मांडला. एका खोलीच्या घरात राहणाऱ्या किशोरवयीन मुलीने कॅमेरा बंद ठेवला, तर तो शिस्तभंग मानावा की स्वाभिमान, हा प्रश्न प्रशिक्षण पुस्तिकांतून सुटणारा नव्हता. शिवाय मुलगी घरी आहे म्हणजे ती कामास मोकळी आहे, हा समज शाळेच्या भिंती असताना काही तास तरी दूर राहत असे. ऑनलाइन वर्गात तोही आधार गेला.

या काळात शिक्षक स्वस्थ बसले नाहीत, याची नोंद घेणे आवश्यक आहे. राज्यात अनेक ठिकाणी शिक्षकांनी देवळाच्या ओट्यावर, पारावर किंवा अंगणात मुलांचे लहान गट जमवून शिकविले. १९१७ च्या धोरणात ज्या जागा शाळेसाठी सुचविल्या होत्या, त्यांकडेच शतकानंतरचे शिक्षक वळले, हा केवळ योगायोग नाही. शाळा बंद पडली तेव्हा समाजाने तिला आपल्या परिचित जागेत पुन्हा उभे केले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे प्राथमिक शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड देण्याबरोबरच कन्नड भाषक मुलांच्या मातृभाषेत आशय नेण्याच्या त्यांच्या कामाचीही त्यात दखल होती. तंत्र आणि भाषा यांची सांगड घातली गेली, तर पडदाही मुलाच्या जवळ येऊ शकतो, हे त्यावरून दिसते.

९. चर्चा

ऐतिहासिक अनुभवाच्या प्रकाशात ऑनलाइन माध्यमिक वर्गासाठी तीन विचारणीय मुद्दे पुढे येतात.

पहिला मुद्दा आधाराचा. ऑनलाइन शिक्षणालाही वसतिगृहासारखे तिसरे ठिकाण हवे. गावातील वाचनालय, ग्रामपंचायतीची खोली, समाजमंदिर किंवा आज शहरात असलेली जुनी वसतिगृहे येथे जोडणी, शांतता व एखादी जाणती व्यक्ती उपलब्ध झाली, तर घरातील विषमता वर्गात जशीच्या तशी उतरणार नाही. प्रत्येक हाती उपकरण देण्याच्या योजना आवश्यक असल्या, तरी त्या या सामुदायिक जबाबदारीची जागा घेऊ शकत नाहीत.

दुसरा मुद्दा आशयाचा. गुऱ्हाळातील काहिलीत रसाचे आटणे, काट्यावरील उसाचे वजन व उतारा, यंत्रमागावरील ताणा-बाणा, हुपरीचे चांदीकाम, राधानगरी धरणाचा इतिहास, तालमीतील खुराक, यांतून विज्ञान, गणित, इतिहास व आहारशास्त्र शिकविता येते. ऑनलाइन माध्यमाचा येथे लाभच आहे. कारण विद्यार्थी ज्या परिसरात बसलेला असतो तोच त्याची प्रयोगशाळा होऊ शकतो. परंतु येथे सावधगिरीही हवी. विणकराच्या मुलाला सदैव मागाचीच उदाहरणे देणे म्हणजे त्याला पुन्हा बापाच्या व्यवसायात बांधून ठेवणे होय. तिसरी कसोटी लक्षात घेता, उसाच्या वजनाबरोबर ऊसतोड कुटुंबाला दरवर्षी गाव का सोडावे लागते, हा प्रश्नही वर्गात आला पाहिजे, आणि तो शेतमालकाच्या व मजुराच्या मुलांनी एकत्र चर्चिला पाहिजे.

तिसरा मुद्दा समान वर्गाचा. तंत्रज्ञानाने प्रत्येक विद्यार्थ्याला त्याच्या गतीनुसार वेगळा पाठ देणे शक्य केले आहे. हे आकर्षक आहे. परंतु जो मागे आहे त्याला सोपा पाठ आणि जो पुढे आहे त्याला कठीण पाठ, अशी विभागणी कायमची झाली, तर स्वतंत्र शाळांचीच नवी आवृत्ती तयार होईल. १९१९ ची आज्ञा या ठिकाणी आठवावी लागते. आधार वेगळा असू शकतो. अपेक्षा वेगळी असता कामा नये.

या विवेचनाला एक मर्यादा आहे. शाहू महाराजांच्या हाती राजसत्ता होती. जमीन देण्याचा, दंड बसविण्याचा व शाळा एकत्र करण्याचा अधिकार होता. माध्यमिक शिक्षकाकडे तो नाही. त्यामुळे संस्कृतीसुसंगत अध्यापनाची सारी जबाबदारी शिक्षकावर टाकणे अन्यायाचे ठरेल. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम २००९ हा चौदा वर्षांपर्यंतच्या बालकांसाठीच आहे. म्हणजे नववी-दहावीचा बहुतांश विद्यार्थी त्याच्या कक्षेबाहेर राहतो. धोरणाची ही पोकळी शिक्षकाच्या कल्पकतेने भरून निघणार नाही.

१०. निष्कर्ष

(१) संस्कृतीसुसंगत अध्यापनाची परिभाषा अलीकडची असली, तरी तिचा आशय फुले यांच्या १८८२ च्या निवेदनात व शाहू महाराजांच्या शैक्षणिक धोरणात स्पष्टपणे आढळतो.

(२) १८९६ च्या खुल्या वसतिगृहाचे एकजातीय होणे आणि २०२० मधील खुल्या ऑनलाइन वर्गातून अनेकांचे वगळले जाणे, यांत रचनेचे साम्य आहे. औपचारिक खुलेपणा हा समतेचा पुरावा ठरत नाही.

(३) वेगळा आधार आणि समान वर्ग, हे कोल्हापूरच्या परंपरेचे मध्यवर्ती सूत्र आहे. भाऊराव पाटील यांनी ते एकत्र निवासापर्यंत, तर जे. पी. नाईक यांनी राष्ट्रीय धोरणापर्यंत नेले.

(४) ऑनलाइन वर्गाने विद्यार्थ्याच्या परिसराचा साधन म्हणून उपयोग करण्याची संधी दिली. परंतु घर व शाळा यांच्यामधील सामुदायिक जागा नाहीशी केल्यामुळे ती संधी मुख्यतः सुस्थितीतील विद्यार्थ्यांनाच मिळाली.

(५) अध्यापक महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात ऑनलाइन साधनांच्या प्रशिक्षणाला स्थानिक बोली, स्थानिक व्यवसाय व शैक्षणिक इतिहास यांच्या अभ्यासाची जोड देणे आवश्यक आहे.

साथ ओसरली आणि शाळा पुन्हा भरल्या. परंतु ऑनलाइन माध्यम आता शिक्षणव्यवस्थेत राहणार आहे. त्याच्याकडे पाहताना ‘किती मुलांना दुवा पाठविला’ याऐवजी ‘कोणती मुले आली नाहीत आणि का’ असे विचारले गेले पाहिजे. ओस पडलेल्या खाटा कोणाच्या आहेत, हे शोधूनच १९०१ मध्ये कोल्हापुरात शिक्षणाचा नवा अध्याय सुरू झाला होता.